शेल्मेनाकर, एकूण सत्तावीस

माबेला, मस्कत
१२ सप्टेंबर २०२५

देवानंद,

वर काय लिहावं यात माझी पाच मिनिटं गेली. 'प्रिय' लिहवत नाही आणि 'चिरंजीव' लिहायला तू लहान राहिला नाहीस. म्हणून नुसतं नाव लिहिलं. आपल्या घरातलं तेवढंच आता तुझ्याकडे उरलंय.

कागदावर लिहितोय कारण फोनवर मी तुला ब्लॉक केलंय आणि ते काढायचा माझा विचार नाही. बातमी आईनं दिली, आणि दिली तीही कौतुकानं. म्हणाली, "देवानं बायकोचं आडनाव घेतलं म्हणते. तिकडे चालते म्हणे तसं." तिला ते आडनाव काही उच्चारता येईना, म्हणून तुझ्या नव्या जर्मन पासपोर्टचा फोटो पाठवला. देवानंद शेल्मेनाकर. मी जेवायला बसलो होतो. फोटो पाहिला आणि हातातला घास तसाच खाली ठेवला. तृप्तीनं विचारलं, मासा शिळा लागतोय का? मासा सकाळीच आणलेला होता.

तू जर्मन बाई केलीस, मी काही बोललो नाही. लग्न कचेरीत सह्या करून उरकलंस, तेव्हाही गप्प बसलो. तिकडचा नागरिक झालास, म्हटलं पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण बाबांचं आडनाव काढून टाकायला तुझ्या मानेवर कोणी सुरी ठेवली होती? कारखान्याच्या क्वार्टरवर भानुदास गजभिये ही पाटी त्यांनी स्वतः रंगवली होती. आसपासचे लोक नुसती आद्याक्षरं लिहून भागवत होते तेव्हा. ती पाटी तू एका अर्जावर सही करून उतरवलीस. मला तुझी किळस आली. दुसरा सभ्य शब्द शोधला, मिळाला नाही.

आणि वर आईकडून निरोप, की तुझ्या मारेनचे आईवडील जानेवारीत जहाजानं फिरायला निघणार आहेत, जहाज एक दिवस मस्कतला थांबणार आहे, तेव्हा दादानं त्यांना घरी जेवायला न्यावं. नाही नेणार. कारण हवं असेल तर रजा नाही. मी आठवडाभर सोहारच्या कारखान्यात असतो, घरी येतो तो गुरुवारी संध्याकाळी. दुसरं कारण हवं असेल तर आमच्याकडे शुक्रवारी बाळकृष्ण पालशेतकर आणि त्यांची बायको सुगंधा असतातच. घरच्यासारखे आहेत. तू सासऱ्यांना आपल्याबद्दल काय काय सांगून ठेवलं असशील ते तुलाच ठाऊक, आणि ते त्यांनी या लोकांसमोर बोलायला नको. अकरा वर्षांत इथे चार माणसं जोडली आहेत, ती मला टिकवायची आहेत.

आईला औषधं वेळेवर घ्यायला सांग. माझं ऐकत नाही.

सतीश


माबेला
३ ऑक्टोबर २०२५

देवानंद,

तुझं पत्र मिळालं. लिहितोस, "दादा, नाव छान आहे. शेवटी कर आहे, कोकणातलं वाटतं." विनोद जमला नाही.

दुसरं विचारतोस, की तू स्वतः तिथे कोणतं आडनाव लावतोस? उत्तर सरळ आहे. माझा पासपोर्ट निघाला तेव्हा त्यावर माझं नाव आणि बाबांचं नाव एवढंच छापून आलं, हे तुलाही माहीत आहे. इथल्या ओळखपत्रावर तेच चढलं. सतीश भानुदास. मी काही बदललं नाही, कचेरीनं छापलं ते वापरतो. यात आणि तू केलंस त्यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

पालशेतकर पहिल्यांदा रुवीत एका किराणा दुकानात भेटले. गड्यानं आधी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं. मी म्हटलं, भंडाऱ्याचा, आणि पासपोर्टवर वडिलांचंच नाव आडनाव होऊन बसलंय. सुगंधावहिनी शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "असू दे हो भाऊजी, आमच्यातलेच वाटता." मी हसलो. हसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. तिथून येणंजाणं सुरू झालं. उर्वी त्यांच्या घरी वाढली म्हटलं तरी चालेल. आता या वयात त्यांना बसवून काय सांगू? आणि कशासाठी? उर्वीला तरी कुठे माहीत आहे? तिच्या शाळेत अर्ध्या मुलांच्या नावापुढे बापाचंच नाव असतं. तिनं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. आईला फोनवर जय भीम म्हणतो तेव्हा गॅलरीत जातो, कारण आत टीव्ही चालू असतो.

असो. मूळ मुद्दा असा, की गेल्या शुक्रवारी तुझ्या लग्नाचा विषय निघाला. मी काढला नाही, उर्वीनं काढला. सुगंधावहिनींनी लगेच विचारलं, "जर्मनीत कुठले म्हणायचे ते? म्हणजे कोणातले?" मी म्हटलं, त्यांच्यात तसं नसतं. त्या म्हणाल्या, "असतं हो, सगळीकडे असतं. आपल्याला त्यांचं कळत नाही एवढंच." मग रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. खरंच कोणातले असतील? माझा भाऊ ज्या नावासाठी बापाचं नाव सोडतो, ते नाव आहे तरी कुणाचं?

मी शोधायला बसलो. तिकडे टेलिफोनच्या नोंदींवरून नकाशे काढलेले आहेत, आडनाव टाकलं की कुठल्या जिल्ह्यात किती घरं ते दाखवतात. आपल्याकडे त्यासाठी इतका खटाटोप लागत नाही, नाव ऐकलं की माणूस जिल्ह्यासकट कळतो. तुझं शेल्मेनाकर अख्ख्या जर्मनीत किती निघालं माहीत आहे? सत्तावीस. त्यातली एकोणीस एकाच जिल्ह्यात, बाकी आठ इकडेतिकडे. सत्तावीस म्हणजे आपल्याकडच्या लग्नात पंगतीची एक रांगसुद्धा भरत नाही.

इतकं थोडं नाव म्हणजे एक तर मोठं घराणं असणार, नाही तर काही तरी भानगड. तृप्ती मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "अहो, तुम्ही जर्मनांची जात काढताय." मी म्हटलं, मी नावाचा उगम शोधतोय. ती म्हणाली, "मग ओमानमध्ये गजभिये किती तेही काढा." मी म्हटलं, आपण तिघं. "शून्य," ती म्हणाली. "तुम्हाला धरून." आणि आत निघून गेली. तिला हल्ली अशी वाक्यं सुचतात.

त्या एकोणीस घरांच्या जिल्ह्याचं जुन्या कागदपत्रांचं एक दफ्तर आहे. मी तिथे इंग्रजीत पत्र पाठवलंय. उत्तर आलं तर कळवीन.

सतीश


माबेला
१५ नोव्हेंबर २०२५

देवानंद,

उत्तर आलं. दफ्तरातल्या बाईंनी चांगली दोन पानं लिहून पाठवली, शेवटी मला शुभेच्छाही दिल्या. मी ते सोहारच्या खोलीवर वाचलं, मग जेवणाच्या सुट्टीत पुन्हा, आणि परवा घरी आल्यावर तृप्तीला वाचून दाखवलं. आता तुला सांगतो. खुर्चीवर बसून वाच.

'आकर' म्हणजे शेत. तिथवर तुझं ठीक आहे. पण पहिला भाग जुन्या बोलीतला आहे आणि त्याचा अर्थ मढं. मेलेलं जनावर. गावाबाहेर एक पडीक तुकडा असायचा, तिथे मेलेली गुरं ओढून नेत, त्यांची कातडी काढत आणि उरलेलं पुरत. त्या तुकड्याला हे नाव. त्याच्या कडेला झोपडं बांधून जे घर राही, त्या घरालाही तेच. बाईंनी जुन्या नोंदीसुद्धा दिल्या आहेत. त्या लोकांना गावात घर बांधता येत नसे. खानावळीत त्यांचा स्टूल वेगळा, पेला वेगळा. त्यांच्या पोरांना कुठलाही कारागीर शिकायला ठेवून घेत नसे. त्यांच्या हाताला हात लागला तर लागणाऱ्याची अब्रू जाई. मेल्यावर त्यांना पुरायचं तेही एका बाजूला. बाईंनी खाली लिहिलंय, की म्हणूनच हे नाव इतकं थोडं राहिलं. ज्यांना जमलं त्यांनी दुसऱ्या गावात जाऊन ते बदललं. जे राहिले ते हे सत्तावीस.

बघ मग. बापाचं नाव टाकून कुठे जाऊन पडलास.

वाचताना माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहीत नाही. पण नंतर मला हसू आलं, ते लपवत नाही. वाटलं, तुझ्या बायकोला आणि सासऱ्यांना हे माहीत तरी असेल का? युरोपात राहणारी, जहाजातून फिरणारी माणसं. भिंतीवर कुठल्या तरी शेताचं चित्र लावून बसली असतील. त्यांना कोणी तरी सांगायला हवं आणि ते मी सांगणार. येऊ दे त्यांना जानेवारीत. माझं आमंत्रण कळव. शुक्रवार नऊ तारीख म्हणतोस ना, मी स्वतः मत्रहच्या बंदरावर घ्यायला जाईन.

पालशेतकरांनाही बोलावलंय. ते हॉटेलात रेस्टॉरंटचे सुपरवायझर आहेत, दर हिवाळ्यात जर्मन पाहुण्यांना वाढून वाढून त्यांची भाषा शिकलेत. तू लिहिलंस की सासऱ्यांचं इंग्रजी बेताचं आहे. म्हणजे दुभाष्याची सोय झाली. ताटावर बसल्यावर मी सहज विचारणार, काका, या नावाचा अर्थ काय? मग बघू तोंडं कशी होतात.

तृप्ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नाही. म्हणते, "पाहुण्याला घरी बोलावून असं करतात का?" तिला मी सांगितलं, की हे पाहुण्यासाठी नाही, माझ्या भावासाठी आहे. त्यावर तिनं जे उत्तर दिलं तेही लिहीत नाही.

सतीश


माबेला
१० जानेवारी २०२६

देवानंद,

तुझे सासरे काल येऊन गेले. त्यांच्याकडून तुला कळेलच, पण ते चांगले आहेत, सगळं सांगणार नाहीत. म्हणून मी सांगतो.

मत्रहला गाडी लावायला जागा मिळेना, मी घामाघूम होऊन बंदराच्या दारापर्यंत चालत गेलो. तुझे सासरे एकटेच उन्हात उभे होते. सासूबाईंचा गुडघा दुखत होता म्हणून त्या जहाजावरच राहिल्या. उंच, वाकलेला म्हातारा, हातात तृप्तीसाठी मधाची बाटली. तू सांगितलं नव्हतंस की ते आयुष्यभर जमिनीची मोजणी करत होते. माबेला येईपर्यंत त्यांनी मला रस्त्याकडेच्या प्रत्येक रिकाम्या प्लॉटबद्दल विचारलं. मला माणूस आवडू नये असं मी ठरवलं होतं. तो आवडत चालला होता आणि त्याची मला चीड येत होती.

घरी सगळे वाट पाहत होते. तृप्तीनं वडाभात केला होता, आईच्या पद्धतीनं. सुगंधावहिनींनी सोलकढी आणली होती. म्हाताऱ्यानं दोन्ही मागून घेतलं. उर्वी त्यांच्या शेजारी बसून इंग्रजीत बडबडत होती. सगळं इतकं चांगलं चाललं होतं की शहाण्या माणसानं तिथेच थांबावं. मी थांबलो नाही.

मी पालशेतकरांना म्हटलं, "जरा विचारा ना, त्यांच्या आडनावाचा अर्थ काय होतो?"

त्यांनी विचारलं. म्हातारा खूश झाला. हातातला चमचा ठेवला आणि चांगली तीनचार मिनिटं बोलत राहिला. बोलताना खांद्यावरून दोर घेऊन काही तरी जड ओढल्यासारखं करून दाखवलं. पालशेतकर मान हलवत ऐकत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जमिनीवरून आलंय म्हणतात. शेतकरी लोक."

"एवढंच?" मी म्हटलं. "एवढा वेळ बोलले ते."

"एवढंच हो. भात घ्या, निवतोय."

तिथेही थांबता आलं असतं. पण मी दोन महिने हे मनात शिजवत होतो. मी सरळ इंग्रजीत म्हाताऱ्याला म्हटलं, की मी तर वेगळंच वाचलंय, मेलेली जनावरं, कातडी, गावाबाहेरची वस्ती. असं म्हणताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. देवानंद, त्यांचा चेहरा उजळला. "बरोबर," म्हणाले, "अगदी बरोबर. तुम्ही वाचलंत?" जणू मी त्यांच्या गावचं कौतुक केलं होतं.

मग ते सावकाश, शब्द शोधत इंग्रजीत बोलले, त्यामुळे टेबलावरच्या सगळ्यांना कळलं. म्हणाले, लग्नाआधी मीच देवानंदला हे सांगितलं, उगाच दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून. जुना नकाशा उघडून तो तुकडाही दाखवला. देवानंद इतका हसला, इतका हसला, की माझ्या बायकोनं त्याला पाणी आणून दिलं. मग म्हणाला, आमच्या पणजोबांचं हेच काम होतं. आमच्याकडे आमचं नाव ऐकूनच लोक ते ओळखतात आणि तुमच्याकडे लोक विसरून गेलेत. मग मला हे नाव द्या, मला ते परकं नाही. म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "तेव्हापासून मला तुम्हाला भेटायचं होतं. आपण दोघं एकाच कामाची माणसं."

सुगंधावहिनी सोलकढीच्या भांड्याकडे बघत होत्या. पालशेतकर ताटाकडे. तृप्ती माझ्याकडे. उर्वीही माझ्याकडे, आणि तिच्या डोळ्यांत नुसतं कुतूहल होतं, दुसरं काही नाही. तिला त्या कामात लाज वाटण्यासारखं काही आहे हेच माहीत नव्हतं. मी हो म्हटलं असतं तर तिनं पुढचा प्रश्न विचारला असता, बस.

मी म्हणालो, "नाही. देवानंदला गोष्टी रचायची सवय आहे. आमचे पणजोबा शेतकरी होते."

म्हातारा लालबुंद झाला. तीन वेळा माफी मागितली. म्हणाला, "मग माझ्या ऐकण्यात चूक झाली. माझं इंग्रजी वाईट आहे." पालशेतकरांनी घाईघाईनं जर्मनमध्ये खजुरांची जातवारी सांगायला सुरुवात केली आणि जेवण कसंबसं संपलं.

त्यांना बंदरावर सोडून परत येताना उर्वी गाडीत होती. म्हणाली, "पप्पा, ग्रेट ग्रँडफादर खरंच फार्मर होते? मग त्या जर्मन अंकलनी असं का सांगितलं?" मी एसी वाढवला. मला माझीच इतकी शिसारी आली होती, की गाडी बाजूला घेऊन उतरावं आणि तिथेच वाळूत बसून राहावं असं वाटत होतं. घरी आलो. तृप्तीनं भांडी घासली, सगळी, एकटीनं. मला हात लावू दिला नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं नव्हतं ते आता लिहितो. दफ्तरातल्या बाईंचं पत्र वाचलं, मेलेलं जनावर, कातडं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं 'शी'. पहिल्या फटक्यात. सोहारच्या खोलीत मी एकटाच होतो, कुणाला दाखवायला म्हटलं नव्हतं. आतूनच आलं. उठून मी हातही धुतले. आपल्या माणसांकडे बघून लोक जे म्हणायचे, तेच. मी भानुदास गजभियेचा मुलगा, मी तेच म्हटलं. हसू त्याच्यानंतर आलं.

सतीश


माबेला
१६ जानेवारी २०२६

देवानंद,

आज सकाळी पालशेतकर एकटेच आले. सुगंधावहिनी आल्या नाहीत, तेव्हाच मी ओळखलं की काही बोलायचंय. तृप्तीनं चहा ठेवला. उर्वी आतल्या खोलीत होती, दार उघडं होतं.

ते म्हणाले, "सतीशराव, त्या दिवशी मी मुद्दामच शेतकरी म्हटलं होतं. तुम्हीच उकरून काढलंत."

मी विचारलं, मुद्दाम म्हणजे? ते कपात बघत म्हणाले, "मला माहीत आहे ना. पहिल्याच वर्षी कळलं. तुमच्या आई आल्या होत्या, तुम्हाला सुट्टी नव्हती म्हणून मी त्यांना एअरपोर्टवर आणायला गेलो. त्या बाहेर आल्या आणि हात जोडून मला जय भीम म्हणाल्या. मीही म्हटलं, जय भीम. त्यात काय."

"वहिनींना?"

"तिलाही माहीत आहे. आम्ही घरी बोललो. म्हटलं, माणूस झाकतोय तर झाकू दे, आपण कशाला उघडं पाडायचं? कधी कुणी विचारलं तर मीच सांगायचो, ते आमच्याकडचे म्हणून. आणि खरं सांगू, तुम्ही आमच्यातलेच."

अकरा वर्षं. आपल्या पँटची चेन उघडी असावी आणि सगळ्या मंडळींनी कनवाळूपणे दुसरीकडे बघत राहावं, तसं झालं. ज्यांच्यापासून मी लपवत होतो तेच माझ्यासाठी लपवत होते. आईनं विमानतळावर परक्या माणसाला सांगितलं ते मी गॅलरीत जाऊन सांगत होतो. मला पालशेतकरांची किळस यावी म्हणून मी खूप प्रयत्न केला, कारण ते सोपं पडलं असतं. आली नाही. माणूस भला आहे. पण त्या भलेपणात मी आणखी अकरा वर्षं राहू शकणार नाही हेही तेव्हाच कळलं.

मी म्हटलं, "मी तुमच्यातला नाही. माझं आडनाव गजभिये."

"माहीत आहे हो, तेच तर म्हणतोय."

"तुम्हाला माहीत असणं वेगळं," मी म्हटलं. "मी सांगतोय."

त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, सुगंधाला सांगतो. वहिनी पुढच्या शुक्रवारी येतील की नाही ते माहीत नाही. आल्या तर बरं वाटेल. नाही आल्या तर उर्वीला ते कसं सांगायचं याचा विचार करतोय, कारण आता तिला खरंच सांगावं लागेल.

ते गेल्यावर तिला बोलावून बसवलं. माझ्या पणजोबांचं नाव सांगितलं, ते तिला माहीत नव्हतं. गावात जनावर मेलं की निरोप यायचा आणि ते दोर घेऊन जायचे हे सांगितलं. माझ्या आजोबांनी ते काम सोडलं आणि त्यासाठी गावाचा मार खाल्ला, तेही सांगितलं. माझं मराठी ऐकताना तिला मध्येमध्ये शब्द अडत होते, मी इंग्रजीत सांगत गेलो. सगळं ऐकून ती म्हणाली, "मग त्या दिवशी तुम्ही नो का म्हणालात?" मी म्हटलं, भीती वाटली. ती म्हणाली, "पालशेतकर अंकलची?"

तुझ्याबद्दल म्हणशील तर माझा राग गेलेला नाही. नाव का घेतलंस ते कळलं, तरी बाबांचं सोडायला नको होतंस असं मला अजून वाटतं. त्यावर आपण भांडू. पण समोरासमोर, तू इथे ये. आता तुला इथे यायला मी नको म्हणत नाही.

सोबत एक कागद आहे, तो मारेनच्या वडिलांना दे. मी त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं पाडलं आणि त्यांनी माझी माफी मागितली, हे माझ्या गळ्याखाली उतरत नाही. इंग्रजीतच लिहिणार होतो, पण इंग्रजीतच मी खोटं बोललो होतो. म्हणून मराठीत लिहिलंय. तू त्यांना वाचून दाखव, आणि पालशेतकरांसारखं काही गाळू नकोस.

दादा


(सोबतचा कागद)

आदरणीय श्री. शेल्मेनाकर,

तुमचं इंग्रजी चांगलं आहे. तुमच्या ऐकण्यात चूक झाली नव्हती. आमच्या पणजोबांनी गावातली मेलेली जनावरं ओढली आणि त्यांची कातडी काढली. मी माझ्या मुलीसमोर नाही म्हणालो.

सतीश भानुदास गजभिये